हेल्वीची दलदल

“गोळ्या? क्रॅनबेरीच्या गोळ्या?” हेल्वीने औषधाची डबी हातभर लांब धरली आणि नाक मुरडलं. “उद्या रविवारची प्रार्थनाही डबीत भरून विकतील!”

तिची सून रित्वा उशीला टेकून बसली होती. ती कालच इस्पितळातून घरी आली होती. गर्भाशय काढलं होतं, लघवीची नळी नुकतीच निघाली होती, टाके अजून ओढत होते. निघताना नर्सने बजावलं होतं, “नळी लावल्यावर लघवीचा संसर्ग पटकन होतो. या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्या, म्हणजे धोका कमी होतो. पाणी भरपूर प्या. ताप आला तर मात्र गोळ्यांवर विसंबू नका, तडक फोन करा.” रित्वाला हे वेगळं सांगायला नको होतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर असाच संसर्ग थेट मूत्रपिंडांपर्यंत गेला होता, तान्ह्याला जवळ घेण्याचंही त्राण उरलं नव्हतं... ते दिवस आठवले तरी अंगावर काटा यायचा!

“नर्सनं सांगितलंय म्हणून घेतेय, आई,” ती हळूच म्हणाली. “यंदा घरात ताज्या असत्या तर...”

आणि तिने जीभ चावली. नको तेच बोलून गेली होती.

उत्तरेकडच्या त्या थंड मुलखात माणूस एक वेळ पोटातलं सगळं सांगेल, पण दलदलीतली आपली बेरी वेचायची जागा सांगणार नाही. हेल्वीच्या घरात मात्र एक रीत होती. नवी सून आली, की पहिलं हिव पडून फळं मऊ झाल्यावर सासूने तिला दलदलीत न्यायचं, जागा दाखवायची. त्या दिवसापासून सून घरची. हेल्वीला तिच्या सासूने असंच नेलं होतं.

रित्वा लग्न होऊन आली त्या शरदात तिने किती हौसेने लाल रबरी बूट घेतले होते! पहाटे उठून पाहते तो सासू बादली घेऊन एकटीच निघून गेलेली. संध्याकाळी भरल्या बादलीनिशी परत. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही... आणि तरीही काय सोनेरी शरद होते ते! चुलीवर रटरटणाऱ्या बेरींचा तो आंबटगोड वास, पोरांचे लाल लाल ओठ, बशी चाटून पुसणारे सासरे... त्याच सासऱ्यांचं शेवटचं दुखणं रित्वाने काढलं. त्यासाठी शाळेतली नोकरी सोडली, हूं की चूं केलं नाही. पण जागा काही तिला दिसली नाही. आपण परक्याच, ही कळ तिने तीस वर्षं उरात जपली. सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, रडलेलं कुणाला दिसत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

हेल्वीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने बूट चढवले आणि खुंटीवरची बादली काढली.

“अहो आई, या वयात? कालेवीला तरी घरी येऊ द्या!”

“तो काय मला कडेवर घेऊन जाणार आहे? गोळी घे नि गप पड!”

दार आपटलं. दुपार कलली तरी म्हातारीचा पत्ता नव्हता. रित्वाने नवऱ्याला, कालेवीला, फोन लावला, तो कामावरून निघाला होता. इतक्यात दार उघडलं. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पाइनच्या काड्या, आणि बादली... रिकामी! हेल्वी उंबऱ्यातच मटकन बसली.

“आई! पडलात का कुठे?” पोट धरून रित्वा उठली.

“नाहीये गं तिथे काही... एक कोपरासुद्धा उरला नाही! वाटलं होतं, तुझ्यापुरत्या तरी मूठभर मिळतील...”

“कुठे मिळतील? दर वर्षी तर बादली भरून आणायचात!”

“बाजारातून आणायची मी!” हेल्वीने तोंडावर हात धरले. “चौकातली ती म्हातारी विकायची ना, तिच्याकडून. यंदा वारली बिचारी. आपली दलदल तुझ्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यातच गेली. तुझ्या सासऱ्यांनी चर खणून पाणी काढलं, झाडं लावायची म्हणून.”

“आणि तुम्ही अडवलं नाहीत?”

“कशी अडवणार? जागा कुणाला सांगायची नसते! नवऱ्यालाही मी कधी सांगितली नव्हती. त्यांना काय ठाऊक, कुठे कुदळ चालवतायत ते! मी खिडकीत उभी राहून बघत राहिले गं... आणि तोंड उघडलं नाही. मग तू आलीस, ते लाल बूट घेऊन. तुला काय दाखवू? खड्डे?”

रित्वाच्या डोळ्यांना धार लागली. “तीस वर्षं, आई! मला वाटायचं, तुम्ही मला आपलं मानलंच नाही!”

“दिसायचं मला. सौनातून तुझे डोळे सुजून यायचे. तरी गप्प बसले. मेली माझी मिजास!”

टाक्यांमुळे रित्वाला वाकता येत नव्हतं, म्हणून म्हातारीच भिंतीचा आधार घेत उठली आणि सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखी रडली. मग तिने स्वतःच पेला भरला, डबी उघडली आणि गोळी रित्वाच्या तळहातावर ठेवली.

“घे. आणि ऐक. जुन्या गिरणीपाशी रस्ता सोडायचा. ओढा डाव्या हाताला ठेवायचा... पायाखालचं शेवाळ हलायला लागलं की थांबायचं. वरून काही दिसत नाही. वाकून शेवाळात बोटं घालायची, की गार गार मणी हाताला लागतात...” तिचे डोळे मिटले होते. गोळी तळहातावर तशीच धरून रित्वा ऐकत होती.

बाहेर गाडी थांबली. कालेवी धावतच आत आला आणि दोघींचे ओले चेहरे पाहून दारातच थबकला.

“काय झालं? तब्येत बरी आहे ना? कसलं बोलणं चाललंय?”

हेल्वी सवयीने गप्प झाली. मग तिने सुनेकडे पाहिलं.

“सांगायचं का याला? जागा आता तुझी आहे, बाई. तू ठरव.”

रित्वाने बाहीनेच डोळे पुसले.

“बूट काढ आणि बस इथे,” ती नवऱ्याला म्हणाली. “आई पहिल्यापासून सांगतायत.”