डाव्या कडेची रेघ

बा जेरे यांनी मला सगळ्यात आधी वर्तुळ काढायला शिकवलं. प्लास्टिकच्या साच्याच्या भोकातून, पेन्सिल उभी धरून, एका झटक्यात.

"वर्तुळ म्हणजे मोजणारं यंत्र," ते म्हणाले. "पोटात आडवी रेघ असली तर ते कंट्रोल रूममध्ये, सावलीत बसलेलं. रेघ नसली तर बाहेर, उन्हातान्हात. तुम्हा माकडखाऊंना एवढं कळलं तरी पुष्कळ झालं."

"उंदीर भाजून खाणारा मास्तर मिळालाय," मी म्हणाले, "कळायला वेळ लागणारच."

मी त्यांना मानाने 'बा' म्हणत असले तरी ते न्गोनी, मी बेम्बा. आमच्या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. मयतीच्या घरी येऊनसुद्धा न्गोनी माणूस बेम्बांची टर उडवतो आणि कुणी मनाला लावून घेत नाही. कित्वे शहराजवळच्या आमच्या गावातल्या गंधकाम्लाच्या कारखान्यात जेरे यांची ही टकळी दिवसभर चालू असायची. ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून एका बाजूला तांबं गाळून उरलेल्या मळीचा काळा डोंगर दिसे आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला जुना टॉवर. दुपारी वारा फिरला की गंधकाचा धूर आत येई आणि सगळे खोकत खोकत खिडक्या लावत.

त्यांचे नियम थोडे होते, पण त्यात तडजोड नव्हती. हात लावल्याशिवाय रेघ ओढायची नाही. आधी जागेवर जा, पाइप चाचपून बघ, मग कागदावर आण. आणि पाणी असो, आम्ल असो की हवा असो, कागदावर ते डावीकडून येतं आणि उजवीकडे जातं. कडेला चौकट काढून नाव लिहायचं: डाव्या चौकटीत कुठून आलं, उजव्या चौकटीत कुठे गेलं. जगात कुठलाही ड्राफ्ट्समन असाच वाचतो, असं ते सांगत.

मी हे हौसेने शिकत नव्हते. माझा धाकटा भाऊ कलाबा या कारखान्यात गेला तो बाहेर आलाच नाही. जुन्या टॉवरमधला गाळ उपसायला रोजंदारीवर पोरं घेतली होती, त्यांत तो होता. सकाळी गेटमधून आत जाताना त्याला कितीतरी जणांनी पाहिलं. संध्याकाळी बाहेर पडताना कुणीच नाही. सीमा ओलांडून काँगोत पळाला असेल, असं कंपनीने सांगितलं. सायकल स्टँडवर ठेवून पळाला का, असं मी विचारलं, तर सुरक्षा अधिकारी माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

आईने त्याचा दुखवटा पाळू दिला नाही. शेजारी रिवाजाप्रमाणे अंगणात शेकोटी पेटवून बसायला आले, तर तिने शेकोटीवर बादली ओतली. रोज रात्री न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, एक गोळा आणि थोडी सुकी कापेंता मासळी ती कलाबाच्या नावाने झाकून ठेवायची.

एरवी बाईमाणसाला कारखान्यात फिरू देत नाहीत. पण ड्रॉइंगवाल्यांना कुणी अडवत नाही. त्यांना पाइपच्या मागे पाइप धरून जावंच लागतं. मी ठरवलं होतं की हा अख्खा कारखाना हाताने चाचपून कागदावर आणायचा. कुठेतरी तो सापडेलच. जेरे यांना हे ठाऊक असावं. त्यांनी विषय कधी काढला नाही. नव्या मालकांना जुना टॉवर पुन्हा सुरू करायचा होता, त्यासाठी त्याचं ड्रॉइंग नव्याने हवं होतं, आणि ते काम त्यांनी मलाच दिलं.

पहिलं विचित्र घडलं ते एका छोट्या व्हॉल्वचं. दुसऱ्या कागदावरचा व्हॉल्व मी चुकून टॉवरच्या तळाशी काढला.

"याला हात लावलायस का?" जेरे यांनी विचारलं.

"नाही."

"मग कागदावर कुठून उगवला? चल, आधी बघू, मग तुझे कान धरतो."

व्हॉल्व तिथे होता. गंजलेला, चाकावर राखाडी रंगाचे थरावर थर. जेरे यांची उभी हयात या टॉवरभोवती गेली होती, पण हा व्हॉल्व त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी वाकून चाकावरचा रंग नखाने खरवडून पाहिला.

"म्हातारा झालो मी," ते म्हणाले. परत येताना त्यांनी माझी एकदाही थट्टा केली नाही.

मग तारांचं ड्रॉइंग आलं. यात एकेका यंत्राची तार कंट्रोल रूमपासून थेट टॉवरवरच्या यंत्रापर्यंत शोधत जायची असते. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात जुन्या टॉवरचा दाब लिहिणारा रेकॉर्डर होता. त्याची वीज तोडायची राहून गेली होती. कागदाची गुंडाळी सावकाश सरकत होती. दोन पेनांपैकी एक शाई वाळून आडवं पडलेलं होतं. दुसरं हलत होतं.

वर, खाली. वर, खाली. मध्येच थांबायचं आणि मग घाईघाईने लहान लहान उड्या मारायचं.

"ते असंच करतं हो," तिथला ऑपरेटर म्हणाला. "वाऱ्याने असेल."

टॉवर बंद होता. त्यात दाब असायला काही कारणच नव्हतं. जेरे रेकॉर्डरपाशी थांबले आणि मी वॉकीटॉकी घेऊन तार धरत निघाले. टॉवरच्या पायथ्याशी तारा जोडायची पेटी होती. ती उघडली. आमची तार पेटीत आली होती, पण पुढे काहीच नव्हतं. टोक कापून, दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेलं.

"पुढे काही नाही, बा जेरे. तार कापलेली आहे."

"नीट बघ."

"माझ्या हातात आहे टोक."

वॉकीटॉकी खरखरला.

"पेन हलतंय," ते म्हणाले.

मी धावत परत गेले आणि रेकॉर्डरसमोर उभी राहिले. काय बघतेय ते लगेच कळलं. तो श्वास होता. कोंडलेल्या, भेदरलेल्या माणसाचा श्वास. आणि मला तो ओळखू आला. बहिणीला येतो.

इंजिनिअर लुबिंडा यांच्या मी अक्षरशः पाया पडले. त्यांनी टॉवरचं झाकण उघडून दिलं. आत बॅटरीचा झोत फिरवला. कोरड्या विटा, बाकी काही नाही. मी डोकं आत घालून जिवाच्या आकांताने कलाबाला हाक मारली. एवढ्या मोठ्या रिकाम्या टॉवरमध्ये हाक घुमायला हवी होती. ती घुमली नाही.

"न्गोसा, घरी जा आणि झोप काढ," लुबिंडा म्हणाले. बिचारे चिडले नव्हते. "ड्रॉइंग मात्र दे. सोमवारी यात आम्ल सोडायचंय."

त्या रात्री आईला सगळं, अगदी त्या व्हॉल्वपासून, सांगितल्यावाचून राहवलं नाही. ती रडेल असं वाटलं होतं. तिने हातातला पळा खाली ठेवला.

"मग काढ की त्याला बाहेर."

"कसं काढू, आई? आत कुणी नाही."

"तो व्हॉल्व कसा काढलास? तुला रेघा ओढायला शिकवलंय ना? मग ओढ. की माझ्या लेकरावर आम्ल पडायची वाट बघतेस?"

शनिवारी सगळे जेवायला गेल्यावर मी ड्रॉइंगची पातळ प्लास्टिकची फिल्म फळीवर ताणली आणि शाईचं पेन घेतलं. हात लावल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हे डोक्यात वाजत होतं, आणि मी ओढत होते. माणूस सरपटत येईल एवढा रुंद पाइप, टॉवरच्या पोटातून बाहेर. उजवीकडे पंप, कूलर, टाक्या यांची एवढी दाटी होती की बोट ठेवायला जागा नव्हती. डावीकडची बाजू मोकळी होती. तिकडे नेला. कडेपर्यंत. कडेला चौकट काढली आणि आत लिहिलं: घर.

बाणाचं टोक काढणार तोच जिन्यावर पावलं वाजली. मी फिल्म गुंडाळून ठेवली.

सुट्टीचा भोंगा होईपर्यंत कशीबशी बसले आणि घराकडे पळत सुटले. आज कलाबा दारात उभा असेल, या एकाच विचारावर पळत होते.

दाराला आतून कडी होती. हाका मारल्या. शेजारच्या बाईंनी खिडकीचा गज वाकवला आणि मी आत उतरले. शेगडी पेटलेली होती. पातेल्यातली न्शिमा वाफाळत होती आणि पळा तिच्यात उभा होता.

आई नव्हती.

घर म्हणजे दोन खोल्या. लपायला जागा नाही. खोलीत गंधकाचा वास होता, आणि त्याखाली कोरड्या विटांचा.

मी कारखान्यात परत आले तेव्हा जेरे रेकॉर्डरपाशी उभे होते.

वाळलेलं पेन लिहीत होतं.

पहिल्याहून जड, संथ. मध्येच अडखळायचं, खोकल्याची उबळ आल्यासारखं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

जेरे यांनी मला दंडाला धरून ड्रॉइंग ऑफिसात नेलं. फिल्म उलगडली. चौकटीवर बोट ठेवलं.

"ही कुठल्या कडेला काढलीस?"

"डाव्या."

"वाच. ड्राफ्ट्समनसारखं वाच."

त्यांनीच वाचलं.

"घराकडून. टॉवरमध्ये."

मी ब्लेड घेतलं. रेघ खरवडली. फिल्म फाटली, खालच्या फळीवरही रेघ होती. मग बाणाचं टोक काढायला गेले, बाहेरच्या दिशेने. शाई धरेचना. मेणावर पाणी सांडावं तसे थेंब होऊन बाजूला पळाली.

आम्ही टॉवरकडे धावलो. पाइप होता. राखाडी, जुनाट, टॉवरच्या पोटाला जोडलेला. पुढे तो आमच्या वस्तीच्या दिशेने जमिनीत शिरला होता. जेरे यांनी पान्याने ठोकून पाहिलं. मी कान लावला.

आत कुणीतरी भांडं खाली ठेवलं. हलकेच, जेवणाऱ्याच्या पुढ्यात ठेवतात तसं.

"आई!" मी ओरडले. पाइपवर मुठी आपटल्या. हातातून रक्त आलं. "आई, मी इकडे आहे! इकडे ये, इकडे!"

जेरे यांनी मला उचलूनच कंट्रोल रूममध्ये आणलं. लुबिंडांना फोन लावला. सोमवारचं थांबवा, म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. जेरे यांनी फोन ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

मी रेकॉर्डरकडे बघत होते.

पहिलं पेन शांत झालं होतं. उड्या नाहीत, थांबणं नाही. लांब, एकसारख्या लाटा. दुसऱ्या पेनाच्या जवळजवळ, त्याच लयीत. आईच्या कुशीत झोपलेल्या पोराचा श्वास असतो तसा.

मला हायसं वाटलं. खरं सांगते, क्षणभर हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी तितकंच एकटं वाटलं.

जेरे काचेजवळ वाकले.

"न्गोसा," ते म्हणाले, "हे इथे कुणी बसवलं?"

दोन्ही पेनांच्या वर तिसरं पेन होतं. नवं कोरं. टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. कागदाला अजून टेकला नव्हता.