पट्टीमागचा कोपरा

निळ्या रंगाची एक बाटली.

अंगठ्यावरचा डाग, दोन दिवस न निघालेला.

काचेची टाकी, आत नुसतं पाणी.

"थांबवा घड्याळ." – "अजून नाही."

सगळं एकाच मंगळवारचं. यीस्ट वाढवणाऱ्या कारखान्यात यीस्टचं खाणं सगळीकडे पोचवणारी मोठ्या टाकीची ढवळणी बदलायची होती, म्हणून आधी काचेच्या छोट्या टाकीत चाचणी. वरून रंग ओतायचा, तो सगळीकडे सारखा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पाती बसवायला तीन महिन्यांसाठी आलेला तो शिडीवर. घड्याळ घेऊन ती खाली. ओतताना त्याने खाली पाहिलं... आणि बाटली कलंडली ती थेट तिच्या अंगठ्यावर.

बावीस सेकंदांत पाणी निळं झालं. तिने मात्र घड्याळ थांबवलं एकेचाळीसला. टाकीच्या आतल्या उभ्या पट्टीमागे एक फिकट कोपरा उरला होता, तो निळा झाल्यावर.

"अहो, पंच्याण्णव टक्के झालं की मिसळलं असं धरतात," तो म्हणाला. "शंभराची वाट बघाल तर यीस्ट म्हातारं होईल."

"कोपऱ्यातल्यांनी उपाशी राहायचं का मग?"

"एवढी काळजी असेल... तर उद्यापासून मी कोपऱ्यातच उभा राहतो."

तो तिला कोपरेबाई म्हणू लागला, ती त्याला पंखेवाला. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. हवा फार सोडली की पाती नुसती बुडबुड्यांत गरगरतात, पाणी ढवळलंच जात नाही, हे त्याने तिला दाखवलं. तुझ्या बडबडीसारखं, असं ती म्हणाली. त्यावर तो अर्धा दिवस खरंच गप्प बसला, आणि तिला करमेना.

शेवटच्या आठवड्यात तो टाकीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्याबरोबर येशील? म्हणजे... लग्न करून."

तिला यायचंच होतं. पण मनात एक कोपरा फिकट राहिला होता – मागे आई एकटी पडेल.

"थोडं थांब," ती म्हणाली. "अजून नाही."

"किती टक्के?"

ती नुसती हसली. तो गेला. दोनदा त्याचा फोन आला. दोन्ही वेळा तिने तेच उत्तर दिलं. आईला विचारायचा धीर व्हायला सात महिने लागले. आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जा की. मी काय पळून जातेय? तू त्याला अजून हो म्हणाली नाहीस होय?"

तिने लगेच फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"माझं लग्न ठरलंय गं," तो हळूच म्हणाला. "तू नाहीच म्हणालीस, असं धरलं मी."

ती बरं म्हणाली. आणखी काय म्हणणार?

आजही ती चाचणी घेते. घड्याळ पंच्याण्णव टक्क्यांना थांबवते, आणि नंतर उगीचच त्या पट्टीमागे बघत राहते.

पहिल्या मंगळवारी घरी गेल्यावर, अंगठ्यावरचा डाग घासता घासता, तिने आईला सांगितलं होतं की मला एक मुलगा आवडलाय.