भिंत हलत नाही

"मी ती रेषा हलवलेली नाही," ती म्हणाली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "आधी बस. पाणी पी. मग सांग, कुठली रेषा."

सासूबाई म्हणजे जावयाच्या सासूबाई. जन्मभर विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकून काढले. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. जावई लग्नाचे फोटो काढायचा. लग्नं नसली की त्यांची गाडी चालवायचा, आणि आपण तपासात मदत करतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

समोर बसलेली मुलगी पाणीपुरवठा खात्यात होती. शहरातला प्रत्येक पाइप, प्रत्येक व्हॉल्व्ह जमिनीखाली नेमका कुठे आहे, हे संगणकावरच्या नकाशात ठेवणं तिचं काम.

"जीआयएस म्हणतात त्याला. कोणाला रस्ता खणायचा असला की तो आमच्याकडून नकाशा नेतो. खाली काय आहे ते आधी कळतं."

"आणि या वेळी नाही कळलं."

"शाळेसमोरच्या उंच टॉवरच्या गल्लीत सोमवारी केबलसाठी खणत होते. नकाशात मोठा पाइप शाळेच्या बाजूला होता, म्हणून त्यांनी टॉवरच्या बाजूला चर घेतला. पाइप तिथेच निघाला. फुटला. चर ढासळला आणि आत एक माणूस होता." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "पाय मोडलाय त्याचा."

"ती रेषा मूळ कोणी काढली?"

"मीच. एकेका व्हॉल्व्हवर यंत्र धरून जागा घेतली आणि मग रेषा जोडली. बरोबर होती. पण शुक्रवारी दुपारी बदललीय. माझ्याच लॉगिनने."

"दुपारी तू कुठे होतीस?"

"जागेवर." उत्तर जरा जास्तच लवकर आलं. "पासवर्डही कोणाला दिलेला नाही. सोमवारी सकाळी आले, भिंतीवर नवा हवाई फोटो दिसला, तो बघत होते तेवढ्यात पाइप फुटल्याचा फोन आला. उद्या साहेब अहवाल पाठवणार. नोकरी जाईल, वर पोलिसांत तक्रार. घरी मी आणि आजारी आई, दोघीच आहोत हो."

सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "उद्या सकाळपर्यंत वेळ आहे ना? मग आत्तापासून रडू नकोस. जावईबापू, गाडी काढा."

खात्याची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, पडद्यांची रांग आणि भिंतभर पसरलेला तो हवाई फोटो. साहेब त्याच्यासमोर नवा बंगला दाखवावा तसे उभे राहिले.

"ड्रोनने काढलाय. कंपनी म्हणत होती, थांबा, अजून थोडं काम बाकी आहे. म्हटलं, फोटो म्हणजे काय भाजी आहे शिजायची? आहे तसा द्या! शुक्रवारी जेवणानंतर मी स्वतः भिंतीवर लावला, सगळ्यांना बोलावून. टाळ्या वाजवल्या लोकांनी. तिथल्या तिथे सांगितलं, संध्याकाळपर्यंत आपला नकाशा या फोटोशी जुळला पाहिजे."

"काय झकास आलाय!" जावई नाक लावून बघत होता. "आई, टॉवरच्या खिडक्या मोजता येतात. बाल्कनीत वाळत घातलेली चादरसुद्धा दिसते!"

सासूबाई फोटोकडे न बघता बराच वेळ जावयाकडेच बघत राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही बघत राहा."

साहेबांनी पडद्यावर गल्लीचा नकाशा काढला. मोठ्या पाइपाची रेषा बैठ्या घरांपासून सरळ येत होती. टॉवरपाशी ती समोरच्या बाजूला वळत होती आणि टॉवर संपला की पुन्हा आपल्या जागी येत होती.

"टॉवरला जागा करून देतोय जणू," जावई म्हणाला. "बसमध्ये आपण सरकतो तसा."

"आणि हे निळे ठिपके?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हॉल्व्ह." टॉवरपाशी दोन ठिपके होते, पण त्यांतून रेषाच जात नव्हती. दोरा निघालेल्या बटणांसारखे ते नुसतेच पडले होते.

"खणणाऱ्यांना हे दिसले नाहीत?"

"त्यांच्या नकाशात फक्त रेषा जातात. आणि रस्त्यावरची झाकणं नव्या डांबराखाली गेलीत." साहेबांनी सुस्कारा सोडला. "पोरगी हुशार आहे, बाई. पण हल्ली लक्ष नाही. सारख्या रजा. आता एकही मिळणार नाही असं मी बजावलं होतं. मला काय आनंद होतोय का? पण लॉगिन तिचं आहे."

ठेकेदार बाहेर व्हरांड्यात भेटला. बुटांना चिखल, डोळे तारवटलेले.

"शाळेच्या बाजूला खणणं अवघड होतं का?" सासूबाईंनी सरळच विचारलं.

"खडक आहे तिथे. टॉवरच्या बाजूला माती मऊ. म्हणूनच सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, यानेच नकाशा फिरवून घेतला म्हणून. पण बाई, चरात माझा सख्खा मेव्हणा होता. मीच त्याला उतरायला सांगितलं. बायको तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही."

शेवटी काका. कागदावर शाईने नकाशे काढायच्या काळापासूनचे आरेखक. खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा जुना तिरका फळा अजून होता, पण आता त्याच्यावर फक्त चहाचा कप असायचा, तोही घसरू नये म्हणून पट्टी लावलेली.

"काका, तुमच्या वेळी पाइप नकाशात कसा घ्यायचे?"

"भिंतीपासून मोजून." काकांचा चेहरा उजळला. "झाड पडतं, खांब बदलतो, रस्ता रुंद होतो. भिंत हलत नाही! टॉवरच्या गल्लीतलाच पाइप घ्या. भिंतीपासून तीन पावलं. मी उभा राहून टाकून घेतलाय तो."

"आणि ही मुलगी?"

काकांनी मान खाली घातली. "लेकीसारखी आहे. तिची नोकरी जाता कामा नये." कपातला चहा निवला होता, त्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

परतताना सासूबाईंनी टॉवरच्या गल्लीत गाडी थांबवायला लावली आणि जावयाला टॉवरच्या पायथ्याशी उभं केलं. वर बघायला सांगितलं. मान दुखेपर्यंत बघूनही त्याला काही सुचलं नाही.

"राहू द्या," त्या मायेने म्हणाल्या. "उद्या सुचेल."

सकाळी सगळे त्या फोटोसमोर जमले. साहेबांच्या हातात अहवाल होता. मुलगी दाराजवळ उभी होती.

"आधी ठेकेदार," सासूबाईंनी सुरुवात केली. "मऊ मातीचा फायदा त्याला होता खरा. पण खाली भरलेला पाइप आहे हे माहीत असताना कोणी स्वतःच्या मेव्हण्याला चरात उतरवत नाही. बायकोच्या धाकाने तरी नाही."

ठेकेदार हसला नाही, पण त्याचे ताठलेले खांदे सैल झाले.

"आता ही. व्हॉल्व्हवर उभं राहून तिने जागा घेतल्या होत्या. तिने रेषा हलवली असती तर व्हॉल्व्हही बरोबर नेले असते. पाइप एकीकडे आणि व्हॉल्व्ह दुसरीकडे, हे तिच्या हातून व्हायचं नाही. शिवाय शुक्रवारी दुपारी ती इथे नव्हतीच."

"मी होते..."

"नव्हतीस, बाळ. साहेबांनी फोटो शुक्रवारी सगळ्यांना बोलावून लावला, टाळ्या वाजल्या. तू तो पहिल्यांदा सोमवारी पाहिलास. तूच मला सांगितलंस."

मुलीचे डोळे भरले. "आई घरात पडली होती. शेजारणीचा फोन आला. रजा उरली नव्हती, म्हणून न सांगता गेले."

"आणि तुझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं, संगणक तुझ्या लॉगिनने चालूच होता. कोण, हे तुला माहीत आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, 'हे कोणी केलं?' तू एकदाही विचारलं नाहीस."

तिने डोळे पुसले.

"आता रेषा का वळली ते बघू. साहेब, टॉवरच्या बरोबर डोक्यावरून खाली पाहिलं तर काय दिसेल?"

"गच्ची."

"मग फोटोत खिडक्या कशा दिसतात?"

जावयाने कपाळावर हात मारला. "फोटो तिरका आलाय! ड्रोन बाजूला होता. उंच वस्तू अशीच कलते. लग्नात मांडवाचे खांब कलतात तशी. रोज बघतो हो मी हे!"

"रोज बघता म्हणूनच दिसलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "फोटोत टॉवर गल्लीवर आडवा झालाय. भिंत वाटते ती गच्चीची कड आहे. बैठी घरं फारशी कलत नाहीत, म्हणून तिथे रेषा जागच्या जागी राहिली. कंपनीचं बाकी राहिलेलं काम हेच होतं, फोटो सरळ करण्याचं."

साहेबांचा चेहरा उतरला.

"ज्याने रेषा हलवली त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याने तुमचा हुकूम पाळला. पाइप भिंतीपासून तीन पावलांवर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फोटोवर बघतो तर रेषा इमारतीच्या पोटात! त्याला वाटलं, पोरीची चूक झालीय, साहेबांना दिसायच्या आत सावरून घेऊ. कडेपासून तीन पावलं मोजली आणि रेषा तिथे ठेवली. पाइप भिंतीपासून मोजणारा माणूस..." सासूबाई थांबल्या. "पुढचं मी बोलणार नाही."

काका फळ्याला धरून उठले.

"भिंत हलत नाही, असं जन्मभर सांगत आलो," ते म्हणाले. "फोटोत हलते, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. पाइप फुटला तेव्हा मात्र कळलं. तेव्हापासून रोज घरून ठरवून निघायचो, आज सांगायचं. इथे आलो की तोंडावर आलेली निवृत्ती आठवायची आणि जीभ उचलायची नाही. पोरीवर सगळं ढकललं गेलं आणि मी बघत बसलो. लाज वाटते मला."

"तुम्ही माझ्यासाठी बसला होतात, काका," मुलगी म्हणाली. "तू जा, मी बघतो, असं म्हणालात. मग तुमचं नाव मी कुठल्या तोंडाने घेणार?"

साहेबांनी हातातला अहवाल दुमडला, पुन्हा दुमडला आणि खिशात घातला.

"नव्या अहवालात पहिलं नाव माझं जाईल. आहे तसा द्या म्हणणारा मी. आणि आई पडली तरी मला सांगायची भीती वाटावी, हेही माझंच कर्तृत्व." ते मुलीकडे वळले. "तू जागेवर बस. पोलिसांत तुझं नाव जाणार नाही." मग त्यांनी स्वतःच्या हाताने फोटो भिंतीवरून उतरवला. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

"हे झालं तुमचं आपसातलं," ठेकेदार म्हणाला. "तिकडे माझा मेव्हणा इस्पितळात पायाला वजन टांगून पडलाय. त्याला मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी येतो," काका म्हणाले.

"तो चिडेल. नाही नाही ते बोलेल."

"बोलू दे. मला ऐकायलाच हवं."

ठेकेदाराने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

जावयाने गाडी फाटकाशी आणली. ठेकेदार पुढे बसला, काका मागे. काकांनी दार ओढून घेतलं, तोच मुलगी धावत खाली आली.

"तू घरी जा," काका खिडकीतून म्हणाले. "आई एकटी असेल. मी बघतो."

तिने ऐकलं, मान हलवली आणि गाडीचं दार उघडलं.

"सरका काका," ती म्हणाली.

काका सरकले.