शेवटची काडी

आधी ती माचिस खिशातनं काढ हर्षल. कोनाड्यात ठेव, मग बस. हां, आता ऐका. ऐकीव न्हाई ही गोष्ट. आपल्या अंगदची हाय, विमानतळावर भाड्याची गाडी लावतो तो. एवढा धिप्पाड गडी, पर सांगताना सारखा दाराकडं बघत हुता.

गेल्या वर्सीची वैशाखी अमावस्या. अंगदच्या घरी तान्ही पोरगी, आन् त्या रातीला तिची पाचवी. सटवाई नशीब लिवायला येती, तीच रात. पाळन्यापाशी दिवा लावलेला, तो सकाळपातूर विझू द्यायचा न्हाई. आन् नेमकं त्याच रातीला अंगदला काकडी गावच्या विमानतळावरनं भाड्याचं पावनं आनायचं हुतं. त्याची आई राहीबाई दारातनं वरडली, "अंगद्या, आज कुनाला विस्तव द्यायचा न्हाई बरं का! पाचवीचा विस्तव घराबाहीर जात नसतो."

"आगं, मी कुठं सिगरेट ओढतो?" अंगद हसला.

ओढत नव्हता, पर माचिस खिशात असायचीच. विमानात बसताना मान्सांची माचिस, लायटर समदं काढून घेत्यात. विमानात ओढायची बंदी, विमानतळात बंदी. मग बाहीर आलं की तोंडात सिगरेट धरून पहिलं काय मागत्यात? विस्तव. अंगद आपला हसत काडी ओढून द्यायचा. जित्याची खोड ती, आईच्या एका वरडन्यानं जाती व्हय? त्या दिशी तर घाईत दिव्यापाशीचीच माचिस उचलली गड्यानं. तीन काड्या उरल्या हुत्या.

ठरलेलं पावनं आलंच न्हाई. फोन बंद. शिव्या देत गाडी वळवली, तर फाटकाबाहीर एक मानूस उभा. उकाड्यानं जीव चाललेला, आन् ह्याच्या अंगात स्वेटर, कानाला मफलर.

"राहात्याला सोडता का?"

"बसा की. घराकडंच चाललोय."

पेरूच्या बागा लागल्या. मागनं आवाज आला.

"काडी आहे का? विमानात बसताना माझी काढून घेतली. विमानतळात ओढायची खोली होती, तीही बंद. तेव्हापासून एक झुरका नाही हो."

अंगदनं गाडी कडंला घेतली. दोघं उतरले. अंगदनं काडी ओढली. वारं न्हाई, काय न्हाई… तरी विझली.

फोन वाजला. आई.

"आरं, दिवा विझला! थांब, लावते पुन्यांदा."

अंगदच्या डोक्यात काय शिरलं न्हाई. दुसरी काडी ओढली. पावन्याच्या तोंडापाशी नेली… विझली.

परत फोन.

"अंगद्या, आता वातच धरंना. पोरगी हलंना रं… कुनाला विस्तव दिलास का?"

अंगदनं पावन्याच्या स्वेटरकडं बघितलं.

"पावनं… तुमी कवा निघाला हुता?"

पावन्यानं मफलर आवळला.

"…थंडीत."

रस्त्यावर कुनी न्हाई. कुत्रं न्हाई. पान हलंना.

"काडी दे."

"संपल्या."

खिशातली माचिस मुठीत दाबाया गेला… ती वाजली. एकच काडी. खुळखुळ.

"वाजतेय की."

अंगदनं हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. घरी पाचवी हाय. लेकराचा दिवा हाय हा…"

पावन्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. मग…

"मुलगा की मुलगी?"

"पोरगी."

"मलाही…"

तिथंच थांबला. अंगदनं मान वर केली. म्होरं कुनीच न्हाई. माचिस उघडली. रिकामी.

मग गाडी कशी हाकली त्याची त्यालाच ठावं न्हाई. देवाचं नाव घेत दारात आला, तर पाळन्यापाशी दिवा जळत हुता. शांत. पोरगी पाय झाडत हुती. अंगद उंबऱ्यावरच बसला, घळाघळा रडला.

"आई… दिवा कवा लागला?"

राहीबाईनं डोळं वटारलं. "कवा म्हंजी? आत्ता तूच लावलास की! पाळन्यापाशी बसला हुतास, पाठमोरा. हाक मारली तर ओ बी देईना. आन् एवढ्या उकाड्यात मफलर कशाला गुंडाळला हुतास रं?"

अंगद उठून पाळन्यापाशी गेला. वाकून पोरगीला उचलाया गेला. तिची मूठ गच्च मिटलेली. हळूच उघडली…

आत एक जळालेली काडी. अजून कोमट हुती.