खिडकीतून आलेले हात

"ताई, खिडकीतून मूल आत देताना आधी चेहरा बघा. नुसते हात बघून देऊ नका."

पाळणाघरातल्या मावशी असं म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते. "मावशी, चेहरे बघत बसले तर बस जाईल!"

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे, सगळं माझ्यासमोर घडलंय. आणि रात्री नाही... मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी तीन चाळीसला.

मी रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. साडेतीनला शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या स्टॉपवर नुसती झुंबड. म्हणून आम्ही बायका पाळणाघरातून घेतलेल्या मुलांना खिडकीतून आत बसलेल्या बाईकडे देतो आणि मग दारातून घुसतो. सगळ्याच देतात.

त्या दिवशी शेवटच्या खिडकीतून दोन हात बाहेर आले. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग.

मी लेकीला वर केलं. हातांनी तिला अलगद घेतलं.

...आणि बस सुटली.

मी खालीच!

ओरडले, धावले, पत्रा बडवला. बस थांबेना. शेवटी एका रिक्षावाल्याने पुलाखालच्या स्टॉपवर गाठून दिली.

"शेवटच्या खिडकीतल्या बाईकडे माझी मुलगी आहे!"

कंडक्टर वैतागला. "ओ ताई, तिथं बाई कुठून येणार? सीटच काढलीये. स्टेपनी असते तिथं."

खरंच... सीट नव्हती. बाईही नव्हती.

टायरवर माझी अडीच वर्षांची लेक बसली होती. शांत. रडलेलीसुद्धा नाही.

"काकू म्हणाली, आज आईकडे जा."

आज...?

नवरा म्हणाला, "घेतलं असेल कुणीतरी, मग उतरली असेल बाई. तू ना, उगाच डोक्याला भुंगा लावून घेतेस."

पण बस मधे कुठे थांबलीच नव्हती.

मावशींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "डाग डाव्या मनगटावर होता ना?"

मी डागाबद्दल बोललेच नव्हते. पुढे काही विचारलं की त्या दुधाच्या बाटल्या धुवायला उठतात.

तेव्हापासून रोज तीन चाळीसला लेक कुठेही असो, खिडकीकडे वळते. दोन्ही हात वर करते... कुणीतरी उचलून घ्यावं तसे. मी त्या वेळी तिला कडेवर घट्ट धरून उभी असते. आजवर एकदाही चुकवलं नाही.

आज साहेबांनी दुसऱ्या प्लांटला पाठवलं. परतताना बस पुलावर अडकलीये. पुढे ट्रेलर आडवा झालाय. चालत गेले तरी तासभर लागेल. नवरा त्याच्या कंपनीत मशीनवर, त्याचा फोन लॉकरमध्ये. मावशी फोन उचलत नाहीत.

तीन छत्तीस झालेत.

तुमच्यापैकी कुणी आमच्या कारखान्याच्या गेट नंबर दोनच्या आसपास असेल तर... समोरच निळ्या दाराचं पाळणाघर आहे. रस्त्याकडे एकच खिडकी. धावत जा. माझ्या लेकीला तिथून लांब घ्या.

आणि कुणी आधीच तिला घेऊन उभं असेल... तर हात नका बघू.

चेहरा बघा.