भिंतीपलीकडची सिस्टर

हे खरं घडलेलं आहे. खोटं जिभेवर येऊ द्यायचं नाही, असा माझा नेम आहे आणि भुताखेतांच्या गोष्टीसाठी तो मोडायची मला गरज नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावं.

घडलं माझ्या मावशीच्या घरी. दिवेलागणीला.

मावशीची गल्ली पाण्याच्या टाकीमागे. टाकी कधीच पाडली, तरी लोक अजून "टाकीपाशी उतरा" असंच सांगतात. बेकरी गेली, मैदान गाड्यांनी भरलं. रस्ता रुंद व्हायचा होता. म्हाताऱ्याचे दात पडावेत तशी एकेक इमारत पडत होती.

मावशी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तीही एकटीच.

दोन इमारती, दोन जिने, पण मधली भिंत एकच.

म्हणून दोघींनी एक पद्धत पाडली होती. दिवे लागले की सिस्टर भिंतीवर ठोकायची... टक टक. म्हणजे, आहेस ना? मावशी बोटातल्या अंगुस्तानाने, शिवताना घालायच्या त्या धातूच्या टोपीने, उत्तर द्यायची. आहे.

उत्तर आलं नाही, तर सिस्टरने येऊन बघायचं. त्यासाठी मावशीच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे असायची.

"उत्तर द्यायला विसरलीस ना, तर मोठी सुई घेऊन येईन," सिस्टर दटावायची.

"ये की! हल्ली दोरा ओवायला मला मोठीच सुई लागते."

मग सिस्टरच्या इमारतीला नोटीस लागली. ती शहराच्या पार टोकाला, नव्या टॉवरमध्ये गेली. जाताना किल्ली परत देऊन गेली. तिकडे भिंतीपलीकडे कोण राहतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती वारली, तेव्हा दार उघडायलाच कितीतरी दिवस लागले.

"इथे असती, तर त्याच संध्याकाळी कळलं असतं," एवढंच मावशी बोलली.

मागोमाग सिस्टरची इमारतही पाडली. मावशीची भिंत उघडी पडली. खालून बघितलं, की सिस्टरचं स्वयंपाकघर हवेत लटकलेलं दिसायचं. पिवळा रंग, फरशांची एक ओळ, कॅलेंडरचा खिळा.

पुढे नुसतं आभाळ.

मावशीच्या मुलाचा फोन आला. "आई, पुढचा नंबर तुझ्या इमारतीचा. आता तिथे भूतसुद्धा राहणार नाही. सामान बांध."

मावशीने बांधलं.

त्या संध्याकाळी ती एका कोटाचं अस्तर बसवत होती. इमारतीत दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

टक टक.

मावशीने मान वर न करता भिंतीवर अंगुस्तान आपटलं. सवयच ती.

मग सुई थांबली.

भिंतीपलीकडे तर...

काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ठोकलं. मावशीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. उत्तर द्यायचं नाही म्हणजे नाही.

पुन्हा टक टक. जरा जोरात.

मावशीने हात आणखी घट्ट दाबले.

मग सगळं शांत झालं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही येईना.

आणि जिन्यावर पावलं वाजली...

ओळखीची. गुडघे दुखणाऱ्या माणसाची. एक पाय टेकून मग दुसरा. दर मजल्यावर दम खात.

दारापाशी येऊन थांबली.

कुलपात किल्ली सरकली...

सिस्टरने परत दिलेली किल्ली मावशीच्या समोरच टांगलेली होती. ती हलतसुद्धा नव्हती.

मावशीने धडपडत भिंत गाठली आणि ठोकलं. "आहे गं बाई! आहे मी!"

किल्ली थांबली. मग पावलं उतरू लागली, जशी आली तशीच, सावकाश.

मावशीने बांधलेलं सामान सोडलं.

मुलगा आला, चिडला, शेवटी हातापाया पडला. मावशी हलेना. मग त्याने मला पाठवलं.

"मावशी, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज तिन्हीसांजेला वाटते." तिने हातातलं कापड उलटं केलं. "पण खरं सांगू? एवढ्या मोठ्या शहरात मी आहे की नाही, हे रोज विचारणारं दुसरं आहे कोण?"

ती चहा टाकायला आत गेली. खाली रस्त्यावरचे दिवे लागले...

टक टक.

भीती वाटायला हवी होती. पण ते ठोकणं इतकं मायेचं होतं... मलाही कितीतरी वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं.

उत्तर मी दिलं.

मावशी धावत बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू कशाला हात लावलास गं?"

त्यानंतर तिच्या भिंतीवर कधीच ठोकलं गेलं नाही. ती रोज तिथे बसून राहायची. शेवटी मुलाबरोबर गेली. इमारतही पडली. आता भेटली की मावशी माझ्याकडे एकटक बघते. त्या नजरेत काळजी असते की हेवा, मला कळत नाही.

माझं घर सुटं आहे. कुठल्याच भिंतीला शेजार नाही. कोणी ठोकलं, तर मला ऐकू येईल की नाही, ठाऊक नाही.

म्हणून दिवेलागणीला मी हातातलं काम टाकते आणि कोणी विचारायच्या आधीच भिंतीवर ठोकून ठेवते.