पाणी न मागणारी गाडी

आबासाहेब संगमनेरचे तंबाखूचे व्यापारी. त्यांच्याकडे दोन जुन्या गाड्या होत्या, एक मॉरिस आणि एक हिलमन. मॉरिस याकोब चालवायचा, हिलमन सूर्यभान. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला, घरच्या बायका टँकरची वाट बघत हंडे लावून बसू लागल्या, तेव्हा आबासाहेबांनी सांगून टाकलं की यापुढं एकच गाडी ठेवायची आणि ड्रायव्हरही एकच. दोन्ही गाड्यांनी राजूरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं. कमी पाणी पिईल ती राहील.

याकोबनं पंचेचाळिशी ओलांडली होती आणि मॉरिसवरच त्याचं घर चालायचं. दर शनिवारी तो तिला ग्रीस भरायचा, प्लग घासायचा, पत्र्यावरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. चढाला ती बैलासारखी रेटायची, पण दहा मैल गेली की तिला तहान लागायची. हिलमन चढाला मंद, पेट्रोलला मात्र गुणी. तिची निगा कोण राखतं हे कळत नव्हतं, कारण सूर्यभाननं कधी तिचं बॉनेट उघडलेलं याकोबनं पाहिलं नव्हतं.

"तुझी मॉरिस म्हंजी भाकड म्हैस," निघताना सूर्यभान म्हणाला. "घागर रिचवती अन् दूध न्हाई."

"तुझी काय निर्जळी करती व्हय?"

"करती," तो म्हणाला. हसला नाही.

अकोल्याच्या पुढं मॉरिसनं वाफ सोडली. याकोबनं एका वस्तीवर पाणी मागितलं. म्हातारीनं तांब्या दिला, पण ऐकवल्याशिवाय नाही. "मानसं मराया लागली अन् तू लोखंडाला पाजतो?"

हिलमन राजूरपर्यंत कुठंच थांबली नाही.

आबासाहेब हिलमनमधून उतरून दुकानात गेले, सूर्यभान चिंचेखाली आडवा झाला. याकोब पाना घेऊन हिलमनखाली सरकला आणि रेडिएटरची तोटी उघडली. परतीला इंजिन जाम झालं की निकाल लागणारच होता.

पाणी आलं. अठ्ठावीस मैलांनंतर ते उकळतं हवं होतं. ते विहिरीच्या तळातलं असावं तसं गार होतं. शेवटचा थेंब गळाला तशी त्यानं तोटी आवळली. बघितलं तर खालची धूळ ओली झालेली नव्हती.

परतीला तो मुद्दाम मागं राहिला. हिलमनच्या बॉनेटमधून वाफ निघायची वाट बघत राहिला.

उतार संपला. अकोलं गेलं. मॉरिस पुन्हा तापली, पुन्हा थांबली.

हिलमन थांबली नाही.

तो अंगणात पोचला तेव्हा आबासाहेब तिच्या रेडिएटरचं झाकण नुसत्या हातानं काढत होते. आत काठोकाठ पाणी होतं.

"हीच ठेवायची," ते म्हणाले.

याकोब मॉरिसची किल्ली द्यायला पुढं झाला. तेवढ्यात सूर्यभान म्हणाला, "हिच्यावर याकोबला ठेवा, आबासाहेब. मी गावाकडं जातो." आबासाहेबांनी त्याच्याकडं नवलानं पाहिलं, बरं म्हणाले आणि आत गेले.

सूर्यभाननं हिलमनची किल्ली याकोबच्या तळहातावर ठेवली.

"राजूरला तोटी उघडलीस ना?"

याकोबनं किल्लीवर मूठ आवळली.

"मीबी उघडली हुती. तवा माझ्या आधीचा डायवर, कारभारी, चालवायचा हिला."

बोलता बोलता सूर्यभानच्या कपाळावर घाम फुटला. त्यानं तो बोटानं टिपला, निरखून पाहिला आणि हळूच जिभेला लावला. सहा वर्षांत त्याला घामेजलेलं याकोबनं आज पहिल्यांदा पाहिलं.

ऊन डोक्यावर होतं. याकोबनं सदऱ्याच्या आत हात घालून पाहिला. पाठ कोरडी ठणठणीत होती.